दहा हजार पावलं भागिले सात हजार सातशे

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आईने फिरायला जाणं बंद केलं. मला ते दोन आठवड्यांनी कळलं, आणि तेही फोनवरच्या ॲपमुळे. तिच्या मनगटावरचा फिटनेस बँड मीच घेऊन दिला होता आणि त्याचे आकडे माझ्याही फोनवर येतात. रोजच्या दहा हजारांच्या जागी ओळीने १,९००, २,१००, १,७०० असे आकडे दिसायला लागले. मला वाटलं बँड बिघडला. फोन केला.

"बँडला काय धाड भरलीय? मीच जात नाही," आई म्हणाली. "आठ महिने रोज पहाटे रंकाळ्यावर गेले. वजन बघ जा. काही उपयोग नाही त्याचा."

वजन मी बघितलेलंच होतं. मार्चमध्ये ७४ किलो, नोव्हेंबरमध्ये ७३.१. आठ महिन्यांत ९०० ग्रॅम.

आई ५८ वर्षांची आहे, निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं वर्गात उभी राहिली आणि निवृत्तीनंतर बसली. मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले, शुगर काठावर आहे, चालायला लागा. त्याच रात्री मी पुण्याहून तिला एक स्प्रेडशीट पाठवली होती. रोज दहा हजार पावलं. ॲपच्या हिशेबाने त्यात ३२० कॅलरी जळतात. आठ महिने म्हणजे २४० दिवस. ३२० गुणिले २४० म्हणजे ७६,८००. एक किलो चरबी म्हणजे ७,७०० कॅलरी. भागाकार केला की उत्तर येतं ९.९७. म्हणजे जवळजवळ दहा किलो! मी शेवटच्या ओळीत हिरव्या रंगात लिहिलं होतं : "दिवाळीपर्यंत ६४."

आईने गणितावर विश्वास ठेवला, कारण मी इंजिनीअर आहे. गणित फसलं तेव्हा मात्र तिने स्वतःलाच दोष दिला. "माझ्याच अंगात काहीतरी खोट आहे," असं ती म्हणाली. ते वाक्य मला लागलं. आमच्या धंद्यात प्रोग्रॅमचं उत्तर चुकलं तर आपण वापरणाऱ्याला दोष देत नाही, कोड उघडून बघतो. म्हणून मी माझं सूत्र उघडलं. त्यात तीन आकडे होते : १०,०००, ३२० आणि ७,७००. हे तिन्ही आकडे मी कुठूनतरी उचलले होते आणि ते आले कुठून हे एकदाही विचारलं नव्हतं. पुढचं सगळं त्या शोधाबद्दल आहे.

१०,००० : तोक्योचं एक यंत्र

पहिल्या आकड्याचा जन्म प्रयोगशाळेत झालेलाच नाही.

१९६४ साली तोक्योत ऑलिंपिक झालं. युद्धात बेचिराख झालेला देश वीस वर्षांत उभा राहिला होता आणि सगळीकडे खेळाचं, व्यायामाचं वारं होतं. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, यामासा नावाच्या कंपनीने कमरेला अडकवायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'मानपोकेई'. जपानीत 'मान' म्हणजे दहा हजार, 'पो' म्हणजे पावलं आणि 'केई' म्हणजे मोजणारं यंत्र. दहा हजार ही जपानीतली गोल संख्या आहे. आपल्याकडे 'लाख'ला जो मान आहे, तो तिथे 'मान'ला आहे. आपण 'लाखमोलाची गोष्ट' म्हणताना कुणी लाख मोजून बघत नाही.

नाव चाललं, यंत्र खपलं, चालणाऱ्यांचे क्लब निघाले. पुढे स्मार्टफोन आले आणि तो आकडा तसाच्या तसा आपल्या मनगटावर येऊन बसला. एका जाहिरातीचं नाव साठ वर्षांनी माझ्या आईचं रोजचं लक्ष्य झालं.

तो आकडा तपासायचं काम बरंच नंतर झालं. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये १६,७४१ वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय ७२. या बायकांनी आठवडाभर पावलं मोजणारं यंत्र लावलं आणि मग सुमारे चार वर्षं कोण जगलं, कोण गेलं याची नोंद ठेवली गेली. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. साधारण ७,५०० पावलांपर्यंत फायदा वाढत गेला, त्यानंतर आलेख सपाट झाला. दहा हजाराला काही खास अर्थ सापडला नाही.

पण यात एक गोष्ट लक्षात घ्या. हा अभ्यास आयुष्याबद्दल होता, वजनाबद्दल नव्हता. तेव्हा मी ती नोंद केली आणि पुढे गेलो. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं.

३२० : पेटीतला माणूस

दुसरा आकडा कॅलरीचा. हा मात्र अस्सल प्रयोगशाळेतला आहे.

अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या मिडलटाउन गावी वेस्लियन विद्यापीठ आहे. तिथे १८९० च्या दशकात विल्बर ॲटवॉटर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाला हाताशी धरून एक बंद पेटी बांधली. जेमतेम एक खाट मावेल एवढी. त्यात माणूस काही दिवस राहायचा, खायचा, झोपायचा, कधी एका जागी उभ्या सायकलवर पायडल मारायचा. आत किती हवा गेली, बाहेर काय आलं, त्याच्या अंगातून किती उष्णता निघाली, ताटात काय होतं, मलमूत्रात काय गेलं, हे सगळं बाहेर बसून मोजलं जायचं. जमा आणि खर्च जवळजवळ तंतोतंत जुळले. माणूस म्हणजे काही दैवी अपवाद नाही, वाफेच्या इंजिनाला लागू होणारा ऊर्जेचा नियम त्यालाही लागू होतो, हे या पेटीने दाखवलं. पाकिटाच्या मागे आपण जे वाचतो (एक ग्रॅम कर्बोदक किंवा प्रथिन म्हणजे ४ कॅलरी, एक ग्रॅम चरबी म्हणजे ९) तो हिशेबही ॲटवॉटरचाच.

पण ॲटवॉटरला कुणाला बारीक करायचं नव्हतं. त्याची चिंता उलटी होती : गरीब मजुराला कमी पैशांत पोटभर ताकद कशी मिळेल? वजन उतरवण्यासाठी कॅलरी मोजायची हे वेड नंतरचं. लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी १९१८ मध्ये आहारावर एक पुस्तक काढलं आणि बायकांना सांगितलं की यापुढे 'पावाचा एक तुकडा' म्हणू नका, 'शंभर कॅलरीचा पाव' म्हणा. पुस्तक धो धो खपलं. मजुराचं पोट भरायला निघालेलं माप मध्यमवर्गाचं पोट आत घ्यायला वापरलं जाऊ लागलं.

आता माझ्या ३२० कडे येऊ. हा आकडा तसा खोटा नाही, पण त्यात एक लबाडी आहे. दहा हजार पावलं चालायला आईला जवळपास दीड तास लागतो. त्या दीड तासात ती नुसती खुर्चीत बसली असती तरी श्वास, हृदय, मेंदू चालवायला ८०-९० कॅलरी जळल्याच असत्या. माझ्या ॲपने त्या ३२० मध्येच धरल्या होत्या. म्हणजे चालण्यामुळे *जास्तीच्या* जळल्या त्या फार तर २३०. पगार सांगताना कुणी ग्रॉस आकडा सांगावा आणि आपण तो हातात येणारा समजावा, तसं झालं.

७,७०० : एका डॉक्टरांचा भागाकार

तिसरा आकडा १९५८ चा. मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी तोवरची माहिती गोळा करून हिशेब मांडला की एक पौंड वजन घटणं म्हणजे सुमारे ३,५०० कॅलरींची तूट. किलोत सांगायचं तर ७,७००. सूत्र सुटसुटीत होतं. पुस्तकांत गेलं, दवाखान्यांच्या भिंतींवर गेलं, शेवटी ॲपमध्ये आणि माझ्या स्प्रेडशीटमध्ये आलं.

चूक आकड्यात नाही, तो वापरण्यात आहे. चरबीत तेवढी ऊर्जा असते हे खरंच. पण या सूत्राने वर्षभराचं भाकीत करायचं तर शरीर वर्षभर जसंच्या तसं राहायला हवं. ते राहत नाही. वजन उतरलं की लहान झालेल्या शरीराला चालायलाही कमी इंधन लागतं, बसायलाही. म्हणजे उजवीकडची किंमत बदलली की डावीकडचा खर्चही बदलतो. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केविन हॉल हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी २०११ मध्ये सहकाऱ्यांसोबत हे नीट मांडलं : सरळ रेषेत घसरत जाणारं वजन फक्त कागदावर असतं. खरी रेषा वळते आणि सपाट होते.

मला हे वाचून थोडी लाज वाटली. फीडबॅक असलेली सिस्टिम सरळ रेषेने मांडायची नसते, हे मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकलो होतो. परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले होते.

हुगळीकाठची गिरणी

पण एवढ्यानेही ९.९७ चे ०.९ होत नाहीत. उरलेलं कुठे गेलं? त्याचं एक जुनं उत्तर आपल्याच देशात, बंगालमधल्या तागाच्या गिरणीत सापडतं.

जाँ मेयर हे पॅरिसमध्ये जन्मलेले आहारशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्सच्या बाजूने लढले आणि नंतर हार्वर्डमध्ये शिकवायला गेले. त्यांना प्रश्न होता, माणूस जितकं काम करतो तितकंच खातो का? याचं उत्तर शोधायला एकाच आवारात बैठं काम करणारे आणि घाम गाळणारे असे सगळे भेटले पाहिजेत. कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी चेंगाईल इथे लडलो कंपनीची ताग गिरणी होती. तिथे दिवसभर बसणारे दुकानदार होते, देखरेख करणारे होते, कारकून होते, यंत्रावर उभे राहणारे होते, आणि राख-कोळसा उपसणारे, ओझी वाहणारेही होते. मेयर, रॉय आणि मित्रा या तिघांनी २१३ जणांचं खाणं आणि वजन तपासलं आणि १९५६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

आलेख बघण्यासारखा आहे. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत जाताना खाणं वाढत जातं आणि वजन जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे जो जास्त राबतो तो जास्त खातो आणि हिशेब बरोबरीत सुटतो. पण आलेखाच्या डाव्या टोकाला, अगदी बैठं काम करणाऱ्यांपाशी, हा नियम मोडतो. त्यांनी खरं तर सगळ्यात कमी खायला हवं, पण ते हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खातात आणि त्यांचंच वजन सगळ्यात जास्त आहे.

मेयर यांनी यातून काढलेला अर्थ असा : भूक हे चांगलं मापक आहे, पण शरीर थोडंफार हलत असेल तरच. अजिबात न हलणाऱ्या शरीरात मापक बिघडतं. यावर शंका घ्यायला जागा आहे. दुकानदाराच्या खिशात हमालापेक्षा जास्त पैसे असणार, त्यामुळे तो जास्त खात असेल तर त्याचं कारण भुकेइतकंच कमाईतही असू शकतं. हमालाचं वजन वाढलं नाही ते शरीराच्या शहाणपणामुळे की पगारामुळे, हे त्या आलेखावरून सांगता येत नाही. पण एक गोष्ट तिथे स्वच्छ दिसते. श्रम वाढले की भूक मागे मागे येते.

आईला मी फोनवर विचारलं, "चालून आल्यावर काय खायचीस?"

"काही नाही रे. चहा. आणि भूक लागायची म्हणून दोन-तीन बिस्किटं."

दूध-साखरेचा कपभर चहा आणि दोन-तीन बिस्किटं म्हणजे १५० कॅलरींच्या आसपास. मी कागदावर लिहून ठेवलं.

हदझांचा हिशेब

तरी २३० वजा १५० म्हणजे ८० उरतात. ते कुठे गेले? यासाठी टांझानियाला जावं लागतं.

एखादा माणूस पेटीत न कोंडता, त्याचं रोजचं जगणं चालू असताना किती ऊर्जा खर्च करतो हे मोजणं फार काळ अशक्य होतं. १९५० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात नेथन लिफसन यांनी त्यावर एक सुंदर युक्ती काढली. प्यायला असं पाणी द्यायचं ज्यातला हायड्रोजनही नेहमीपेक्षा जड आहे आणि ऑक्सिजनही. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो. जड ऑक्सिजन पाण्यावाटेही पडतो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. काही दिवस लघवीचे नमुने तपासून दोघांच्या घटण्यातला फरक काढला की किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला ते कळतं, आणि त्यावरून किती इंधन जळलं ते. आधी हे उंदरांवर झालं. जड ऑक्सिजन इतका महाग होता की माणसावर वापरायला १९८० चं दशक उजाडलं.

हदझा ही उत्तर टांझानियातल्या एयासी सरोवराजवळ राहणारी जमात. त्यातले बरेच जण आजही धनुष्यबाणाने शिकार करतात, मध काढतात, जमिनीतून कंद खणतात. पुरुष रोज सुमारे ११ किलोमीटर चालतात, बायका सुमारे सहा. हर्मन पाँटझर आणि सहकाऱ्यांनी ३० हदझांना हे पाणी पाजून मोजमाप केलं आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. अपेक्षा होती की खुर्चीत बसून काम करणाऱ्या अमेरिकन माणसापेक्षा यांचा खर्च कितीतरी जास्त निघेल. शरीराच्या आकाराचा फरक वजा केल्यावर तो जवळजवळ सारखाच निघाला.

पाँटझर यांचं म्हणणं असं की शरीर घरखर्चासारखं बजेट सांभाळतं. चालण्यावर जास्त गेलं तर दुसरीकडे हात आखडता घेतं. आपण नकळत जास्त वेळ बसतो, आतल्या आत दाह, ताण वगैरेंवर होणारा खर्च कमी होतो. हा सिद्धांत सगळ्यांना मान्य नाही. बजेट इतकं घट्ट नसतं असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत आणि वाद चालू आहे. पण थोडीफार काटछाट होते याला आधार आहे. २०२१ मध्ये १,७५४ प्रौढांच्या अशा मोजमापांचा एकत्र विचार झाला तेव्हा सरासरी २८ टक्के भरपाई दिसली. म्हणजे हालचालीवर जास्तीच्या १०० कॅलरी खर्च केल्या तर दिवसाच्या एकूण खर्चात ७२ च वाढतात. आणि ज्यांच्या अंगात चरबी जास्त, त्यांच्यात ही भरपाईही जास्त.

आता आईचं गणित पुन्हा मांडतो. ३२० मधून बसल्या जागी जळणारे वजा केले : २३०. त्यातून २८ टक्के भरपाई वजा : साधारण १६५. त्यातून चहा-बिस्किटं : १५. पंधरा गुणिले २४० म्हणजे ३,६००. भागिले ७,७०० केलं तर अर्धा किलो.

वजनकाट्यावर ९०० ग्रॅम होतं. म्हणजे आई माझ्या दुरुस्त गणितापेक्षाही थोडी पुढेच होती. यातला प्रत्येक आकडा सरासरीचा आहे, त्यामुळे ते ग्रॅमपर्यंत जुळवायला जाऊ नका. पण तिच्या अंगात काही खोट नव्हती एवढं यातून नक्की कळतं.

तिच्याच वयाच्या बायकांवर झालेला एक प्रयोगही सापडला. अमेरिकेत टेक्सासमध्ये टिमथी चर्च आणि सहकाऱ्यांनी पाळी थांबलेल्या, वजन जास्त असलेल्या ४६४ बायकांचे गट करून तीन गटांना कमी, मध्यम आणि जास्त असा सहा महिने व्यायाम दिला. कमी आणि मध्यम गटांचं वजन गणिताप्रमाणे उतरलं. सगळ्यात जास्त व्यायाम करणाऱ्या गटाचं २.७ किलो उतरायला हवं होतं, उतरलं दीड. २००९ चा हा अभ्यास आहे. गणित चुकलेल्या बायकांत माझी आई एकटी नव्हती.

पँटचा घेर

इथवर आल्यावर बग सापडला म्हणून लॅपटॉप मिटायला हरकत नव्हती. पण आईला सांगणार काय? "तुझी चूक नव्हती, चालण्याचा उपयोगच नसतो"? मग तिने बूट काढून ठेवले ते बरोबरच केलं म्हणायचं.

उत्तर लंडनच्या दुमजली बसमध्ये मिळालं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराने माणसं पटापट मरायला लागली होती आणि का ते कळत नव्हतं. जेरी मॉरिस या डॉक्टरांना वाटलं, माणसाच्या कामाशी याचा संबंध असेल. त्यांनी लंडनच्या बस, ट्राम आणि भुयारी रेल्वेतल्या सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. यात बसचे लोक फार सोयीचे होते. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसमधले, एकाच वर्गातले, पगारही तसाच. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. १९५३ मध्ये निष्कर्ष आला : कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, झाला तर उशिरा होतो, आणि त्यातून लगेच मृत्यू येण्याचं प्रमाण ड्रायव्हरांच्या निम्म्याच्या आसपास आहे. पोस्टमन आणि खात्यातले बैठे कर्मचारी यांची तुलना केली, तिथेही तसंच.

व्यायामाने हृदय वाचतं हे आज शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. तेव्हा ते कुणाच्या गावी नव्हतं. मुंबईत बेस्टच्या दुमजली बसचा जिना चढत घंटी वाजवणाऱ्या कंडक्टरलाही कुणी सांगितलं नसेल की हा जिना तुझ्या कामी येतोय.

पण मॉरिस यांच्यावर एक आक्षेप आला, आणि तो रास्त होता. कदाचित जाडी माणसं आधीपासूनच ड्रायव्हर होत असतील आणि सडपातळ माणसं कंडक्टर. मग श्रेय जिन्याचं नाही, बांध्याचं. हे तपासायचं कसं? हजारो माणसांची जुनी वजनं कोण देणार? मॉरिस यांनी डोकं चालवलं. बसवाल्यांना गणवेश मिळतो. गणवेश शिवायला माप लागतं. लंडन ट्रान्सपोर्टकडे प्रत्येकाच्या पँटच्या कमरेचं माप लिहिलेलं होतं!

१९५६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या मापांवर लेख लिहिला. आक्षेप अर्धा खरा निघाला. ड्रायव्हरांच्या पँटचा घेर खरंच मोठा होता, अगदी तरुण वयापासून. पण मग मॉरिस यांनी घेराप्रमाणे गट पाडून बघितले. बारीक कंडक्टर आणि बारीक ड्रायव्हर. मधले आणि मधले. पोट सुटलेला कंडक्टर आणि पोट सुटलेला ड्रायव्हर. प्रत्येक गटात अचानक मृत्यूचं प्रमाण कंडक्टरांमध्येच कमी होतं.

हे वाचून मी बराच वेळ थांबलो. पोट सुटलेल्या कंडक्टरचं वजन जिन्याने उतरलं नव्हतं. तो रोज ७०० पायऱ्या चढूनही जाडाच होता. काट्यावर उभं करून कुणी त्याला विचारलं असतं तर तोही म्हणाला असता, काही उपयोग नाही. आणि तरीही जिना त्याला जगवत होता.

मॉरिस स्वतः म्हातारपणीही नियमित व्यायाम करत राहिले. २००९ मध्ये गेले तेव्हा ९९ वर्षांचे होते.

चुकीचा कॉलम

आईचं दुखणं हृदयाचं नाही, साखरेचं आहे. म्हणून शेवटचा मुक्काम चेन्नई.

डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी तिथे मधुमेहाच्या काठावर असलेल्या ५३१ भारतीयांवर प्रयोग केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचा सल्ला, काहींना आहारात बदल आणि रोज किमान अर्धा तास भरभर चालणं, काहींना औषध, काहींना दोन्ही. तीन वर्षांनी नुसत्या सल्ल्याच्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला होता. आहार आणि चालण्याच्या गटात ३९.३ टक्के लोकांना. आणि या गटाचं वजन? लक्षात येण्यासारखं उतरलंच नव्हतं. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि ते करण्यासाठी काट्यावरचा आकडा हलायची वाट बघत नाहीत. वजन उतरलं तर फायदा आणखी वाढतो हेही खरं आहे. पण वजन उतरवायचं तर त्याचा मुख्य रस्ता ताटातून जातो. चालणं उतरलेलं वजन टिकवायला मदत करतं आणि बाकी बरंच काही करतं.

माझ्या स्प्रेडशीटमध्ये तारीख, पावलं, कॅलरी आणि वजन असे चार कॉलम होते. साखरेचा कॉलम नव्हता. ज्या कारणासाठी तिला चालायला लावलं, तेच मी मोजत नव्हतो. आकडे चुकले ते ठीक, पण मी प्रश्नच चुकीचा घेऊन बसलो होतो. वजनकाटा घरात होता आणि त्याचा आकडा रोज मिळत होता, म्हणून मी तो मोजत राहिलो.

मी व्हॉट्सॲपवर मागे गेलो. आईने दर तीन महिन्यांनी रक्ततपासणीचा रिपोर्ट पाठवला होता, मी त्यावर अंगठा दाखवून पुढे गेलो होतो. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा मार्चमध्ये ६.२ होता. ऑक्टोबरमध्ये ५.८. एका माणसाच्या दोन रिपोर्टवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तिने भातही कमी केला होता, त्याचाही वाटा असेल. तरी मी तिला लगेच फोन केला आणि कंडक्टरच्या पँटची गोष्ट सांगितली. गिरणीची सांगितली. हदझांची सांगताना ती म्हणाली, "बरं, बरं, कळलं." मग थोडा वेळ गप्प राहिली.

"मग आठ महिने मला रोज वजन का करायला लावलंस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "चुकलं माझं."

"चुकू दे," ती म्हणाली. "जाधववहिनी सारखी विचारतेय, येत का नाहीस म्हणून. बाकावर माझी जागा धरून ठेवते म्हणे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या बसमध्ये बसल्यावर मी सवयीने ॲप उघडलं. आईचा आकडा शून्य. बँड चार्जिंगला लावलाच नव्हता. घरी फोन केला, तो बाबांनी उचलला.

"आई कुठाय?"

"गेली की रंकाळ्यावर," बाबा म्हणाले. "घड्याळ इथंच ठेवून गेलीय."